लग्नात, रिसेप्शनमध्ये अवघडल्यासारखं होतं, हातांचं काय करावं कळत नाही. देहबोली मोकळी कशी करावी?

खांदे आखडतात, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं, असंही तुम्ही लिहिलंय. मी हौशी नाटकं बसवतो. एकांकिकेत पहिल्यांदा उभं राहणारं जवळजवळ प्रत्येक पोर मला हेच विचारतं, "सर, हातांचं काय करू?"

"आत्मविश्वासाने उभा राहा" असं मी कधीच सांगत नाही. त्याने माणूस आणखी ताठतो. मी हाताला काम देतो. तांब्या उचल, उपरणं नीट कर, खुर्ची सरकव. खरं काम मिळालं की खांदे आपोआप खाली येतात.

लग्नघरात कामाला काय तोटा! पंगत असेल तर मठ्ठ्याचा जग किंवा जिलब्यांचं ताट घ्या. "काका, द्या इकडे, मी वाढतो" म्हटल्यावर सहसा कुणी अडवत नाही. वाढताना वाकावं लागतं, समोरच्याकडे बघावं लागतं, आग्रह करावा लागतो. ओळख नसली तरी दोन शब्द होतातच. बुफे असेल तर हातात ताटली असते, पण ती छातीशी घट्ट धरू नका, कमरेच्या उंचीवर राहू द्या. मोबाइल मात्र खिशातच बरा. मान खाली गेली की "माझ्याशी बोलू नका" असाच अर्थ लोक घेतात.

पायांकडेही लक्ष द्या. बुजलेला माणूस सारखा या पायावरून त्या पायावर होतो, प्रेक्षकांतून ते लगेच दिसतं. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा. कार्यालयात शिरण्याआधी चार-पाच श्वास असे घ्या की सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यामुळे धडधड खरंच कमी होते.

सगळे बघताहेत या भीतीबद्दल अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या आला होता. लग्नात तर लोकांचं लक्ष नवरा-नवरीकडे आणि जेवणाकडे असतं. उलट, हातपाय पसरून ऐटीत बसलं किंवा उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, हा 2010 मधला गाजलेला दावा पुढच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही. त्याच्या नादी लागू नका.

"समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघा" हा सल्लाही आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. आजोबा, मावशी, मुलीचे सासरे यांच्याकडे एकटक बघत बोललात तर ते उद्धटपणाचं वाटेल. वाकून नमस्कार करा, नाहीतर हात जोडा, चेहऱ्याकडे बघून बोला आणि अधूनमधून नजर सहज बाजूला जाऊ द्या.

आणि जमल्यास मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा. भरल्या हॉलमध्ये, रंगलेल्या घोळक्यात शिरणं सगळ्यात अवघड असतं. लवकर गेलात तर लोक एकेक, दोघे दोघे करत येतात, आणि बसायला जागा विचारत तेच तुमच्याशी बोलायला लागतात.