वाचकांचे प्रश्न : मायकल जॅक्सन, रंगमंचावरचा

मायकल जॅक्सनच्या दौऱ्यांविषयी इतकी पत्रे जमली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला देत आहे. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, आणि ज्या पत्रांचा रोख एकच होता ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : मायकल जॅक्सन म्हटले की रंगमंचच डोळ्यांसमोर येतो. त्याने एकूण किती दौरे केले? यावरून मित्राशी पैज लागली आहे.

मित्राने मोठा आकडा सांगितला असेल, तर पैज आपण जिंकलात. एकट्याच्या नावाने त्याने तीनच जागतिक दौरे केले. ‘बॅड’ हा पहिला दौरा १२ सप्टेंबर १९८७ रोजी टोकियोत सुरू झाला आणि २७ जानेवारी १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये संपला. त्यात १५ देशांत १२३ कार्यक्रम झाले. ‘डेंजरस’ दौरा जून १९९२ मध्ये म्युनिकहून निघाला आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये मेक्सिको सिटीत अर्ध्यावर थांबला. त्याचे कार्यक्रम सत्तरच्या घरात जातात. ‘हिस्टरी’ दौरा सप्टेंबर १९९६ मध्ये प्रागला सुरू होऊन ऑक्टोबर १९९७ मध्ये डर्बनला संपला आणि त्याचे कार्यक्रम ८२ झाले. बेरीज पावणेतीनशेच्या आसपास येते. सतत दौऱ्यावर असणारे गायक-वादक एवढे कार्यक्रम तीन-चार वर्षांत सहज करतात.

या बेरजेत भावांबरोबरचे बालपण धरलेले नाही, आणि ते न धरता या माणसाचा रंगमंच कळणार नाही. इंडियानातील गॅरी या पोलादनगरीतून बाहेर पडून वडिलांच्या कडक शिस्तीखाली ही पाच भावंडे क्लबांमधून गात होती, आणि न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील नवोदितांची स्पर्धा त्यांनी १९६७ मध्ये जिंकली तेव्हा मायकल आठ-नऊ वर्षांचा होता. इतरांची कारकीर्द ज्या वयात सुरू होते, त्या वयापर्यंत त्याची निम्मी वाटचाल झालेली होती. पुढे दौऱ्यांविषयी त्याच्या मनात जी नाखुशी दिसते, तिचे मूळ मला तरी इथेच वाटते.

तरीही तो सदैव मंचावरच होता असा भास होतो, कारण त्याचे मोजकेच कार्यक्रम चित्रित झाले आणि तेच पुनःपुन्हा दाखवले गेले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध तर दौऱ्यातला नाहीच. मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाचा तो सोहळा २५ मार्च १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे चित्रित झाला आणि मे महिन्यात दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. ‘मूनवॉक’ म्हणून ओळखली जाणारी चाल जगाने त्या रात्री पाहिली. ती चाल त्याने शोधलेली नव्हती. बिल बेली या नर्तकाने तीच चाल १९५५ मध्ये अपोलोच्या मंचावर केल्याचे चित्रण आजही पाहायला मिळते.

प्रश्न : तो खरोखर गात असे, की ध्वनिमुद्रण वाजवून ओठ हलवत असे? समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी हमरीतुमरी चालते. खरे काय?

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फक्त त्या वेगवेगळ्या वर्षांविषयी बोलत आहेत.

‘बॅड’ दौऱ्यात तो गात होता. त्या दौऱ्याची ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकली तर नाचानंतरच्या ओळीत श्वास अपुरा पडलेला कळतो, एखादा शब्द गिळला जातो, वरच्या पट्टीतली जागा कधी साधते आणि कधी निसटते, आणि ओळीच्या शेवटी तो मूळ तबकडीवर नसलेली हरकत घेतो. सगळी जिवंत गाण्याची लक्षणे आहेत. त्या दौऱ्यात त्याच्याबरोबर युगुलगीत गाणारी साथीची गायिका होती शेरिल क्रो, जी पुढे स्वतःच नामवंत झाली. त्या दोघांच्या गाण्यात एकमेकांचे ऐकून गाणे स्पष्ट जाणवते.

‘डेंजरस’ दौऱ्यात हे बदलू लागले. ‘बिली जीन’सारख्या नृत्यप्रधान गाण्यांत बराचसा आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला असे, तर संथ गाणी आणि भावांच्या काळातील जुनी गाणी तो प्रत्यक्ष गाई. ‘हिस्टरी’ दौऱ्यापर्यंत तराजू पूर्ण कलला आणि कार्यक्रमाचा मोठा भाग ध्वनिमुद्रित आवाजावर चालू लागला. गंमत अशी, की वर सांगितलेल्या १९८३ च्या कार्यक्रमातले ‘बिली जीन’ही ध्वनिमुद्रणावरच होते, आणि ते पाहून कोणीही तक्रार केली नव्हती.

याला फसवणूक म्हणावे का? तिकीट काढणाऱ्याने गाणे ऐकायला तिकीट काढले होते, असा मुद्दा पत्रांत आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु असे का घडले तेही पाहिले पाहिजे. ज्यांचे कान आपल्या बैठकीत तयार झाले आहेत, त्यांना कालच्याच रागात आज नवी जागा ऐकायची असते. जॅक्सनच्या प्रेक्षकाला नेमके उलटे हवे होते. त्याने चित्रफितीत पाहिलेली गिरकी त्याच ठोक्यावर, तोच हातमोजा, तोच हुंकार, सारे जसेच्या तसे त्याला समोर हवे होते, आणि हा गायकही त्याच हट्टाचा होता. तासा-दोन तासांच्या कार्यक्रमात तबकडीबरहुकूम गाणे आणि चित्रफितीबरहुकूम नाचणे हे एका छातीच्या भात्याला जमणारे काम नाही. दोहोंपैकी एक सोडणे भाग होते, आणि त्याने गाणे सोडले. माझ्या मते ही निवड चुकीची होती. नाच थोडा सैल पडलेला प्रेक्षकांनी सहन केला असता. मात्र ज्यांना गायक जॅक्सन ऐकायचा असेल त्यांनी १९८७-८८ च्या कार्यक्रमांकडे वळावे, आणि नंतरचे दोन दौरे नाटक म्हणून पाहावेत, म्हणजे निराशा होणार नाही.

नाटक म्हणून ते अव्वल दर्जाचे होतेच. ‘हिस्टरी’ दौऱ्यात ‘बिली जीन’पूर्वी तो हातात एक छोटी बॅग घेऊन सावकाश मंचावर येई, ती उघडून चमचमते जाकीट, मोजा आणि शेवटी हॅट बाहेर काढी, आणि प्रत्येक वस्तूची ओळख पटताच मैदानभर आरोळी उठे. आवाज नाही, पाऊल नाही, नुसत्या वस्तू. एवढ्यावर हजारो माणसांचे मैदान बांधून ठेवणारे गायक मला फारसे आठवत नाहीत.

प्रश्न : बुखारेस्टच्या कार्यक्रमात सुरुवातीला तो नुसता पुतळ्यासारखा उभा आहे आणि समोर लोकांना भोवळ येत आहे. हा काय प्रकार आहे?

१ ऑक्टोबर १९९२ चा तो कार्यक्रम अमेरिकेत एचबीओ वाहिनीने दाखवला. मंचाखालून एका झटक्याच्या लिफ्टने त्याला आतषबाजीत वर उडवले जाई, आणि पाय टेकताच तो गोठून राही. मग बऱ्याच वेळाने एकदा मान वळवी, आणखी काही वेळाने काळा चष्मा काढी. ३१ जानेवारी १९९३ च्या ‘सुपर बोल’ या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरातही त्याने हेच केले, आणि दूरचित्रवाणीवरचा एकेक सेकंद सोन्याच्या भावाने विकला जात असताना तो दीड मिनिटाच्या आसपास हलला नाही. ही त्याची नाट्यबुद्धी. मूर्च्छेचे कारण अधिक साधे आहे. कित्येक तास उन्हात, गर्दीच्या रेट्यात, उपाशीतापाशी उभी असलेली माणसे पुढच्या रांगांत असतात, आणि कॅमेरे नेमके त्यांच्यावर रोखलेले असतात.

प्रश्न : मी नृत्य शिकते. ‘स्मूथ क्रिमिनल’ या गाण्यात तो सरळ शरीराने पुढे झुकतो ते सरावाने जमेल का?

कृपया प्रयत्न करू नका. पडद्यावरच्या मूळ दृश्यात नर्तकांना तारांचा आधार होता. मंचावर तारा अडवणूक करतात, म्हणून ‘डेंजरस’ दौऱ्यासाठी वेगळे बूट तयार करण्यात आले. बुटाच्या टाचेत एक खाच असे. ठरलेल्या क्षणी मंचाच्या फळीतून एक खुंटी वर येई, नर्तक पाय किंचित पुढे सरकवून खाच तिच्यात अडकवी आणि मग झुके. या युक्तीचे अमेरिकी पेटंट ऑक्टोबर १९९३ मध्ये मिळाले आणि त्यावर दोन वेशभूषाकारांबरोबर जॅक्सनचेही नाव आहे.

तरीही बूट सगळे काम करत नाहीत. चंदीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतील मेंदूशल्यविशारदांनी २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात या झुकण्याचा अभ्यास मांडला. ताठ शरीराने तयारीचे नर्तकही २५ ते ३० अंशांपर्यंतच झुकू शकतात, जॅक्सन ४५ अंश झुकलेला दिसतो, आणि खुंटीचा आधार असला तरी पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडरेवर व पाठीच्या स्नायूंवर विलक्षण ताण येतो, असे त्यात म्हटले आहे. तुमच्या गुरूंनाही हे दाखवा.

प्रश्न : १९८४ च्या ‘व्हिक्टरी’ दौऱ्यातील तिकिटांचा वाद काय होता?

हा दौरा भावांबरोबरचा, ५५ कार्यक्रमांचा. एका तिकिटाची किंमत ३० डॉलर ठेवली होती, जी तेव्हा भारी होती. त्यातही एका वेळी चार तिकिटे घेणे बंधनकारक होते, १२० डॉलर टपालाने आगाऊ पाठवायचे होते, आणि तिकीट मिळेलच याची खात्री नव्हती. न मिळणाऱ्यांचे पैसे परत येईपर्यंत आठवडेच्या आठवडे आयोजकांकडे राहणार होते. अकरा वर्षांच्या एका मुलीने वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहून, तुम्ही इतके स्वार्थी कसे झालात, असा जाब विचारला. दौरा कॅन्सस सिटीत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी जॅक्सनने पत्रकारांसमोर ही पद्धत बदलायला सांगितल्याचे आणि आपल्या वाट्याचे सर्व पैसे धर्मादाय कामाला देणार असल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर, शेवटच्या रात्री, भावांबरोबरचा हा आपला अखेरचा दौरा असल्याचे त्याने मंचावरूनच सांगून टाकले. कुटुंबाच्या आग्रहाखातर तो या दौऱ्याला तयार झाला होता हे लक्षात घेतले, तर यात नवल नाही.

प्रश्न : मुंबईतल्या कार्यक्रमाचा करमणूक कर पुढे कोर्टात गेला, असे वडील सांगतात. त्याचा निकाल काय लागला?

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी क्रीडा संकुलात झालेला हा कार्यक्रम ‘हिस्टरी’ दौऱ्यातला, आणि त्याचा भारतातला एकमेव. शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी तो होता. विमानतळावर सोनाली बेंद्रेने मराठमोळ्या वेशात त्याला ओवाळले, आणि तो ‘मातोश्री’वर बाळासाहेब ठाकरे यांना भेटूनही आला. तत्कालीन युती सरकारने कार्यक्रमाला करमणूक करातून सूट दिली, आणि त्या सूटीला मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने २०११ मध्ये सूट देणारा आदेश रद्द करून सरकारला नव्याने विचार करण्यास सांगितले, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सूट देण्याचा निर्णय पुन्हा घेतला. गायकाला जाऊन तेव्हा अकरा वर्षे उलटली होती.

प्रश्न : पुढे त्याने अमेरिकेत दौरा का केला नाही? आणि लंडनचे ५० कार्यक्रम तो खरोखर करू शकला असता का?

जानेवारी १९८९ नंतर मुख्य भूमीवर त्याचा दौरा झाला नाही हे खरे. होनोलुलूतले १९९७ चे दोन आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सप्टेंबर २००१ चे दोन, एवढेच मोठे कार्यक्रम सांगता येतात. युरोप आणि आशियातली मैदाने त्याच्यासाठी भरत होती. मायदेशी मात्र त्याच्या गाण्यापेक्षा त्याच्या आयुष्याचीच चर्चा अधिक होती.

देहाचा हिशोबही यात धरला पाहिजे. २७ जानेवारी १९८४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पेप्सीच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालू असताना आतषबाजीने त्याचे केस पेटले आणि टाळू भाजली. त्या जखमेवर नंतर शस्त्रक्रिया झाल्या, वेदनाशामके सुरू झाली, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये बाललैंगिक अत्याचाराचे आरोप झाल्यावर ती वाढली. ते आरोप त्याने नाकारले, आणि दिवाणी दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. वेगळ्या प्रकरणात २००५ मध्ये तो निर्दोष ठरला. ‘डेंजरस’ दौरा मध्येच थांबवताना या गोळ्यांच्या आहारी गेल्याचे त्याने स्वतः कबूल केले होते. जून १९९९ मध्ये म्युनिकला गाणे चालू असताना मंचावरचा पूल त्याच्यासकट खाली आला. तेव्हा त्याने उठून गाणे पूर्ण केले, पण पाठ दुखावली ती दुखावलीच.

५ मार्च २००९ रोजी त्याने लंडनच्या ओटू सभागृहातील कार्यक्रम जाहीर केले, तेव्हा बोलणे दहांचे होते. मागणी पाहून ते ५० झाले आणि वेळापत्रक पुढच्या मार्चपर्यंत गेले. गाव बदलायचे नाही, मंच उतरवून पुन्हा उभारायचा नाही, श्रोत्यांनीच यायचे, ही रचना पन्नाशीच्या माणसाला सोयीची होती यात शंका नाही. तरी पन्नास हा आकडा मला तेव्हाही अवास्तव वाटला होता. २५ जून रोजी, पहिल्या कार्यक्रमाला तीन आठवडेही उरले नसताना, प्रोपोफोल या भूल देण्याच्या औषधामुळे त्याचा मृत्यू झाला, आणि ते देणाऱ्या डॉक्टरांना २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली.

पन्नास जमले नसते, पण आवाज शिल्लक होता. लंडनच्या कार्यक्रमांसाठी चाललेल्या तालमींच्या चित्रणात, शेरिल क्रोबरोबर जे युगुलगीत तो १९८७ मध्ये गात असे, तेच जुडिथ हिल या तरुण गायिकेबरोबर तो म्हणताना दिसतो. गळा राखून, अर्ध्या आवाजात सुरुवात होते. समोर उभे असलेले नर्तक ओरडून, टाळ्या वाजवून त्याला चेतवतात आणि तो मोकळ्या गळ्याने गाऊ लागतो. गाणे संपल्यावर मात्र तो लटक्या रागाने त्यांना सांगतो, की आत्ता मला असे गायला लावू नका, मी आवाज राखून ठेवतो आहे.