बदली होऊन सोलापुरात आलो, सामान लागलं पण घर आपलं वाटत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दिवाळीनंतर पुण्याहून सोलापूरला बदली झाली, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं फ्लॅट घेतला. पत्नीला करमत नाही, चौथीतली मुलगी शाळेतून आली की गप्प बसते, आणि शनिवार उजाडला की तिघंही हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठता. शिवाय उन्हाळा तोंडावर आलाय, तर एसी घ्यावा की कूलर.

मी मूळची चिपळूणची. नवऱ्याच्या नोकरीपायी सोलापुरात आले, आणि पुढे त्यांची बदली झाली तेव्हा सामान हलवायला मीच नकार दिला. त्या अधिकारानं सांगते, दोन-अडीच महिने तरी शनिवारचं पुणं बंद करा. सोमवार ते शुक्रवार तुम्ही ऑफिसात, मुलगी शाळेत. उरलेले दोन दिवस पुण्यात. म्हणजे सोलापूरचं घर तुमच्यासाठी लॉजच की! शेजारचं दार रविवारी सकाळी उघडं असतं, तेव्हा तुमच्या दाराला कुलूप. मग ओळख व्हायची कधी?

दुसरं कारण पाणी. इथे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा ते कोणाच्या सुट्टीचा विचार करत नाही. नवीन माणसाला वाटतं की दुष्काळी भाग, धरणात नसेल. पण उजनी काठोकाठ भरलेली असतानाही हेच चालतं. पाणी शंभरेक किलोमीटरवरून जलवाहिनीनं आणायचं, टाक्यांत चढवायचं, मग भागाभागानं सोडायचं, खरी अडचण तिथं आहे. त्यामुळे आपल्या भागाचा दिवस कोणता, चावी साधारण किती वाजता सुटते, आज उशीर असेल तर ते आधी कोणाला कळतं, या तीन गोष्टी ज्याला ठाऊक तो सोलापूरकर. हे कुठल्या कागदावर नीट मिळत नाही, शेजाऱ्यांकडूनच कळतं. माझी इथली पहिली ओळख अशीच झाली. समोरच्या काकूंनी दार ठोठावलं, नावगाव काही न विचारता म्हणाल्या, "अहो ताई, पाणी सुटलंय की! झोपलाय काय?"

तुमच्या इमारतीत तळाला हौद आणि गच्चीवर टाकी असेल. मोटर कोण लावतं ते विचारून घ्या आणि एखाद्या पाळीला स्वतः खाली उतरा. वॉचमन आहे, आपण कशाला, असं पुण्यात चालतं. इथे पाण्याच्या वेळी खाली जी चार माणसं उभी असतात, त्यांच्याकडेच प्लंबर, कामवाली, रिक्षावाले काका, चांगला बालरोगतज्ज्ञ असं सगळं असतं. पत्नीलाही एकदा तिथे जाऊ द्या. भिशी, हळदीकुंकू, पापड लाटायचं आमंत्रण यांचा उगम बहुधा तिथेच होतो.

घरात पाण्याचे नळ दोन तऱ्हेचे आहेत का पाहा. बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघरात महापालिकेचं पाणी आणि न्हाणीघरात बोअरचं असतं. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे थर धरतात, गीझरची कॉइल लवकर जाते. नळाची जाळी अधूनमधून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत टाकली की क्षार सुटतात. पत्नीचे केस गळायला लागले असतील तर शांपू बदलण्याआधी शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्यानं करून बघायला सांगा.

करमत नाही यावर माझा एक गावठी उपाय आहे. गव्हाची पोळी थोडी बाजूला ठेवा आणि ज्वारी आणा. रब्बीची नवी ज्वारी बाजारात येण्याचे हेच दिवस. मंगळवेढ्याची मालदांडी विचारून घ्या, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते उगाच मिळालेलं नाही. दळण मात्र थोडं थोडं आणा, कारण शिळ्या पिठाला चिकटपणा राहत नाही आणि भाकरी थापताना कडेला फाटते. मग दोष आपल्या हाताला दिला जातो! आठवड्याला एकदा गिरणीत गेलात की गिरणीवाला ओळखतो, रांगेतल्या बायका ओळखतात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतही उत्तम मिळते, पण चटणी कुटलेली घ्या, मिक्सरमधली नको. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं, तिची चव त्यातच आहे. भाजीला महिन्यातून एकदा तरी लक्ष्मी मंडईत जा, फोनवरून मागवलेली मेथी काही बोलत नाही.

आता जरा चिडून विचारते, यंदा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, पाहिलात का? संक्रांतीच्या सुट्टीला पुण्याला गेला असाल, म्हणजे शहर ज्या आठवड्यात सगळ्यांत जास्त सोलापूर असतं तो आठवडा हुकला. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या 68 लिंगांची प्रदक्षिणा, आणि तळ्याकाठी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. हे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न आहे, त्यामुळे अख्खं गाव वऱ्हाडी. तुम्हीही. पुढच्या जानेवारीत सुट्टी आत्ताच टाकून ठेवा. तोवर एखाद्या संध्याकाळी नुसतं सिद्धेश्वर मंदिरात जाऊन तळ्याकाठी बसलात तरी चालेल, भुईकोट किल्ला शेजारीच आहे.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड हा सगळा नवा विस्तार. तिथे राहून शहर कळत नाही. एक रविवार पूर्व भागाला द्या: अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ. तिथे पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे, दुकानांवर तेलुगू पाट्या दिसतील, गल्लीत यंत्रमागाची खडखड ऐकू येईल. चादरीसाठी शहर प्रसिद्ध असलं तरी आता बरेच माग टॉवेल विणतात. नव्या घराला चादरी घ्यायच्याच असतील तर ओळखीच्या कोणाला बरोबर न्या, कारण सोलापुरी म्हणून बाहेरचाही माल खपवला जातो. नारळी पौर्णिमेला याच भागातून मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात बायका बतुकम्मा, म्हणजे फुलांची रचलेली देवी, मांडतात. मुलीला दाखवायलाच हवं.

मुलीबद्दल. ती गप्प असते याचं फार टेन्शन घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. तिच्या वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलत असतील आणि मराठी बोलतील तीही "काय करायलीस बे" अशी. पुण्यातल्या कानांना हे भांडण वाटतं, इथे ती साधी विचारपूस आहे. घरी तिच्या बोलण्यात "बे" आलं की टोकू नका. आईवडील दर शनिवारी बॅग भरताना दिसले तर मैत्री करायला ती तरी कशाला जीव लावेल? तिला आपण इथे पाहुणे आहोत हेच तुम्ही दर आठवड्याला सांगताय. एखाद्या रविवारी वर्गातल्या दोघी-तिघींना घरी बोलवा आणि त्यांच्या आयांनाही बोलवा. पुढच्या थंडीत त्यांच्यातलीच एखादी तुम्हाला शेतावर हुरड्याला नेईल.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एका दमात सांगते. भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि आधारवरचा पत्ता बदलायलाही तोच उपयोगी पडतो. मतदार यादीतला पत्ता फॉर्म 8 भरून बदलतो. गॅस जुन्या एजन्सीकडून ट्रान्सफर करून आणला नसेल तर तेवढ्यापुरतं पुण्याला जायला माझी हरकत नाही. गाडी एमएच 12 ची असली तरी राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, फक्त पत्ता आरटीओला कळवायचा.

राहिला कूलर की एसी. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे सहज जातो, पण हवा कोरडी असते, आणि पाण्याचं बाष्प होऊन हवा गार करायची तर कोरडी हवाच लागते. चिपळूणला कूलर म्हणजे घरात आणखी घाम, इथे तो खरोखर काम करतो. भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षांसाठी मी कूलरच घेईन. मात्र तो बंद खोलीत लावू नका. त्याची पाठ उघड्या खिडकीकडे हवी आणि समोरची एखादी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर तासाभरात दमट होतं. त्यात बोअरचं पाणी भरलंत तर गवतावर किंवा जाळीवर क्षार बसून एका मोसमात ती दगड होते, म्हणून पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाका. तुमच्यावर अजून एक मजला आहे की थेट गच्ची, हे लिहिलेलं नाही. गच्ची असेल तर घरमालकाला विचारून मार्चमध्येच तिला पांढरा रंग मारून घ्या, आणि मुलीची झोपायची खोली पश्चिमेच्या भिंतीची असेल तर ती बदला. जूनमध्ये पहिले ढग आले की कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा पंख्यावर भागतं.