पावसाळी रविवारची संध्याकाळ : डिश, बॅटरी आणि पुस्तकांवरची बुरशी

रविवारी संध्याकाळी बाहेर सर कोसळत असावी, आत टीव्ही नीट दिसावा, लाईट गेली तर दिवा-पंखा चालावा आणि कपाटातून काढलेलं पुस्तक कोरडं निघावं. कोकणातल्या घराला एवढं नक्की जमतं. त्यात कुठे काय अडतं, ते किनारपट्टीवरच्या वाचकांनी विचारलं आहे.

जोराचा पाऊस असताना टीव्ही जातो हे समजू शकते. पण आता पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास चित्र येत नाही. मेकॅनिक डिश हलवून देतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. डिश बदलू का?
– एक वाचक, हर्णै

डिश बदलू नका, आधी केबलची टोकं पाहा. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो, त्या पावसाचे थेंब शोषतात. म्हणून मोठ्या सरीत चित्र जाणारच. पण सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत ते परत आलं पाहिजे. येत नसेल तर पाणी आकाशात नाही, केबलच्या जोडात आहे.

सेट-टॉप बॉक्सचं बटण बंद करून प्लग काढा. हे महत्त्वाचं आहे, कारण डिशपुढच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) याच केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट वीज जाते. खारं पाणी आणि ही वीज एकत्र आली की तांब्याची तार फार लवकर कुजते. एलएनबीकडचा कनेक्टर उघडा. आतली तार लखलखीत हवी. काळपट किंवा हिरवट दिसली तर स्वच्छ तार लागेपर्यंत केबल कापत जा, बहुतेकदा वीतभर कापून भागतं. कनेक्टर नवा घाला, जुना घासून वापरू नका. मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे दोन-तीन मिलिमीटर राहिली पाहिजे आणि बाहेरच्या जाळीचा एक धागाही तिला टेकता कामा नये.

मग जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. सुरुवात खालून करा आणि वर जाताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवा, म्हणजे कौलांसारखं पाणी वरून घसरून जाईल. साधी इन्सुलेशन टेप इथल्या उन्हात सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. केबल भिंतीतून आत शिरते तिथे भोकाच्या खाली वीतभर झोळ सोडा, थेंब तिथून गळतील.

मेकॅनिक समोरचा माड तोडायला सांगत असेल तर थांबा. डिश उभी दिसते, पण ती समोर पाहत नाही. उदाहरणार्थ, डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. आपल्या किनाऱ्यावरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. म्हणजे दहा फुटांवरचं झाड डिशपेक्षा सतरा फुटांनी उंच असेल तरच आड येतं. तसं असलं तरी एखादी झावळ उतरवून किंवा डिश सरकवून काम होतं. माड तोडायचं कारणच नाही.

विजा चमकायला लागल्या की टीव्हीचा प्लग काढाच, पण डिशची केबलही बॉक्समधून सोडवा. वीज त्या वाटेनेही आत येते.

लाईट असूनही इन्व्हर्टर संध्याकाळी बॅटरीवर चालतो. मग रात्री खरोखर लाईट गेली की तासाभरात सगळं बंद. बॅटरी 150 एएचची आहे, दोन वर्षंही झाली नाहीत.
– एक वाचक, मालवण

इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. तुमचा 'यूपीएस'वर असणार. त्या बाजूला व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाईट गेली असं धरतो. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंप-पंखे चालू असताना व्होल्टेज तेवढं उतरतं आणि बॅटरी गुपचूप रिकामी होत राहते. खटका 'नॉर्मल'वर करा. टीव्हीच्या पाठीवर '100–240 व्होल्ट' छापलेलं असेल तर त्याला कमी व्होल्टेजचा त्रास नाही.

हिशोब असा : 43 इंची टीव्ही 80 वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30, नऊ वॉटचे दोन दिवे 18, सेट-टॉप बॉक्स आणि वायफाय मिळून 20. म्हणजे जवळपास 150 वॉट. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तरी साडेचार तास निघायला हवेत. जुना पंखा एकटाच 70-75 वॉट खातो, त्यामुळे आधी तो बदला.

बॅटरीतल्या पाण्याची पातळी दोन महिन्यांनी पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं पाणी नको, पागोळ्यांचं तर नकोच. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह वायर काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, पुसून कोरडं करा आणि घट्ट जोडल्यावर वरून व्हॅसलिन लावा. सोड्याचं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

लाकडी कपाटातल्या पुस्तकांवर दर पावसाळ्यात बुरशी येते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कडुलिंबाचा पाला ठेवला. काहीच उपयोग नाही.
– एक वाचक, राजापूर

गोळ्या आणि पाला किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. ओला पाला तर आत उलट दमट करतो. बुरशीला आर्द्रता सत्तरच्या आसपास पुरते आणि जुलैत आपली हवा नव्वदच्या घरात असते.

कपाट बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला टेकलं असेल तर दोष तिथे आहे. ती भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि गार राहते. कपाट आतल्या भिंतीकडे न्या, मागे तीन-चार इंच जागा सोडा, खाली विटा ठेवा. पुस्तकं इतकीच भरा की दोन पुस्तकांत बोट शिरेल. ऊन पडलं आणि वारा कोरडा असला की दारं उघडी टाका, पाऊस असेल तर बंद ठेवा.

बुरशी आलेलं पुस्तक ओल्या फडक्याने कधीही पुसू नका, डाग कागदात मुरतो. पानं पंख्यासारखी उघडून पुस्तक उभं करा आणि दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या. मग पडवीत, तोंडाला मास्क लावून, रंगकामाच्या मऊ ब्रशने बांधणीकडून बाहेर झाडा. कडक उन्हात ठेवू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

जपायची जुनी पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. मात्र डबा जानेवारी-फेब्रुवारीत, कागद कोरडा असताना भरा. जूनमध्ये भरलात तर कागदाने आधीच प्यायलेला ओलावाही आत कोंडला जाईल आणि जेल तेवढा शोषू शकणार नाही. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते काढून तापवा, पुन्हा नारिंगी होतात. उघड्या कपाटात मात्र जेल वाया जातं.

कसर लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरेल.

टीव्ही नवा आणि मोठा आहे, पण आमच्या आजोबांना संवाद कळत नाहीत.
– एक वाचक, गुहागर

पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली तोंड करून असतात आणि आवाज टेबलावर आपटून विस्कटतो. टीव्ही टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला आणा आणि ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'न्यूज' निवडा. तरीही कमी पडलं तर लहान साउंडबार घ्या. तो टीव्हीपुढे ठेवा, कपाटात कोंबू नका.