जबडा कटकटत असेल तर
तोंड उघडताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो पण दुखत नाही, तर त्यावर सहसा उपचार लागत नाही. दुखत असल्यास जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकवून, ते सुटू न देता, आरशासमोर जबडा सरळ रेषेत सावकाश उघडावा आणि मिटावा. एका वेळी 6 आवर्तने पुरेत. त्याआधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने गाल शेकल्यास स्नायू सैलावतात. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे असावेत. चिक्की आणि सुपारी तूर्त बंद (सुपारी कायमची सोडलीत तर उत्तमच). आवाज येतो का हे पाहण्यासाठी जबडा मुद्दाम हलवण्याची खोड मात्र सर्वांत आधी मोडा. तोंड उघडेनासे झाल्यास व्यायाम थांबवून दंतवैद्यांना दाखवावे.