वार्ड क्रमांक तीनचा इतिहास लिहिण्याआधी

प्रिय बाबू,

आपल्या वार्डाच्या निवडणुकांचा इतिहास लिहायला घेतलास, बरं केलंस. गावात सगळे 'वार्ड' म्हणतात, कागदावर 'प्रभाग' असतो. जुनी दप्तरं चाळताना दोन्ही शब्द शोध.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वार्ड क्रमांक ३ म्हणून गावात कायमची अशी जागा नसते. ती कागदावरची रेघ असते आणि निवडणुकीआधी पुन्हा ओढता येते. मागच्या वेळचा तीन नंबर आणि आताचा तीन नंबर यांत मारुतीच्या पारापासून पांदणीपर्यंतची घरं तीच असतील, नसतीलही. हे न तपासता 'या वार्डानं तीनदा पलटी मारली' असं लिहिलंस, तर माणसं पलटली की रेघ सरकली, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

म्हणून आकड्यांच्या आधी हद्द बघ. प्रत्येक निवडणुकीच्या अंतिम प्रभाग रचनेची प्रत आणि नकाशा मिळव. हे काम तहसीलदारांकडून होतं, तलाठी आणि ग्रामसेवक सोबत फिरतात. रचनेला आधार जनगणनेचा असतो, मतदारसंख्येचा नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून गाव कितीही वाढलं तरी हिशेब २०११ च्या लोकसंख्येवरच बसत आला. सदस्यही लोकसंख्येवरूनच ठरतात: १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढं कितीही असली तरी १७. एका प्रभागात जास्तीत जास्त तीन जागा, त्यामुळं सात सदस्यांचं गाव बहुधा ३, २, २ असं वाटलं जातं. गाव १,४८० वरून १,५२० वर गेलं की दोन जागा वाढतात आणि सगळ्याच रेघा हलतात. चाळीस माणसांनी अख्ख्या गावाचा नकाशा बदलतो तो असा.

गट ग्रामपंचायत, म्हणजे अनेक गावांची मिळून एक, असेल तर कोणतं गाव, कोणती टोली, कोणता पोड (लहान वस्ती) केव्हा जोडला नि केव्हा तुटला, ते वेगळं लिही. गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातली गावं उठून नव्या जागी बसली, तिथं जुन्या वार्डाचा धागा नकाशावरून लागत नाही. तिथं आडनावांवरून आणि जुन्या मतदार यादीवरूनच जावं लागतं. तालुक्याचं गाव नगरपंचायत झालं असेल तर ग्रामपंचायतीचा इतिहास तिथंच बंद कर. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच जागा असते, त्याची तुलना तीन जागांच्या वार्डाशी होत नाही.

आता निकाल. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. समज, वार्डात ६०० मतदार, ४८० जणांनी मतदान केलं आणि जागा तीन. प्रत्येकाला तीन मतं, म्हणजे 'नोटा' धरून १,४४० मतं. कोणीतरी उमेदवारांची मतं बेरीज करून '१,४४० मतदान' लिहून ठेवलेलं असतं आणि पुढचे लोक तेच उतरवत जातात. एक जागा अविरोध झाली असेल तर त्या जागेचं मतदानच होत नाही, मग बेरीज ९६० येते. पाहणाऱ्याला वाटतं, मतदान घसरलं! टक्का काढायचा तो मतदारांवरून, मतांवरून नाही.

जागा अ, ब, क वेगळ्या मांड. अ जागेवर १९० मतांनी जिंकता येतं आणि क जागेवर २१० घेऊन हरता येतं. दोघं एकमेकांविरुद्ध लढलेच नव्हते. यंत्रावरच्या मतपत्रिकेचा रंगही जागेनुसार असतो: अनुसूचित जातीसाठी फिका गुलाबी, जमातीसाठी फिका हिरवा, नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी फिका पिवळा, सर्वसाधारणसाठी पांढरा. म्हातारी माणसं 'पिवळ्या कागदावर अमका होता' असं सांगतात, ते या अर्थानं.

प्रत्येक नावापुढं आरक्षण लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण समजू नकोस. महिलांचं आरक्षण २०११ पासून वाढून निम्म्या जागांपर्यंत गेलं, त्यामुळं त्याआधीचा आणि नंतरचा तक्ता एका नजरेनं वाचता येत नाही. 'अमका पुन्हा उभा राहिला नाही' याचं कारण बरेचदा एवढंच, की त्याची जागा सोडतीत महिलेला गेली. आणि निकालपत्रात बाईचं नाव असेल तर तुझ्या तक्त्यातही बाईचंच नाव हवं. गाव भलेही तिच्या नवऱ्याला मेंबर म्हणत असेल.

सरपंचाचा रकाना वेगळा ठेव. २०१७ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर झालेल्या मतदानात सरपंचाची मतपत्रिकाच नव्हती आणि आरक्षणाची सोडतही निकालानंतर झाली. गडचिरोलीत तेव्हा १५ आणि २० जानेवारी असे दोन टप्पे होते, म्हणून तिथली तारीख एकच धरू नकोस. धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड अशा अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद जमातीसाठीच असतं, तिथं प्रवर्गाची सोडत शोधत बसू नकोस.

पक्ष लिहिण्याचा मोह टाळ. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. निकालाच्या संध्याकाळी एकाच सदस्याला दोन पक्ष आपला म्हणतात. पॅनलचं नाव पत्रकावर छापलेलं सापडलं तर 'पत्रकानुसार' म्हणून लिही, चिन्ह निकालपत्रावरून घे.

जिंकलेला सदस्य पाच वर्षं टिकलाच असं नाही. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं, सरकारी जागेवर अतिक्रमण निघालं, निवडणूक खर्चाचा हिशेब ३० दिवसांत दिला नाही, यातल्या कशानंही पद जातं. राजीनामे असतात, मृत्यूही. मग पोटनिवडणूक. तिचा कागद मुख्य निकालासोबत नसतो, म्हणून ती हमखास सुटते. ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक (सभांच्या नोंदींची वही) काढून कार्यकाळाच्या पहिल्या आणि शेवटच्या सभेतल्या सह्या जुळव. नाव बदललेलं दिसलं की त्या दोन सभांमधलं पान न् पान वाच.

कागद तहसीलच्या निवडणूक शाखेत मागायचे. तोंडी मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज दे: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'आमच्या वार्डाचा सगळा इतिहास द्या' असं लिहिलंस तर काही हाती लागणार नाही. निवडणुकीचं वर्ष, ग्रामपंचायतीचं नाव आणि कागदाचं नाव लिही: अंतिम प्रभाग रचना, आरक्षण, प्रभागनिहाय मतदार यादी, निकालपत्र. प्रत्येक निवडणुकीला वेगळा अर्ज कर. तीस दिवस वाट पाहा.

तोवर गावातल्या जुन्या माणसांशी बोल, पण साल त्यांना विचारू नकोस. 'ओला दुष्काळ पडला तेव्हा', 'नळ आले तेव्हा' असंच उत्तर येईल. ते तसंच टिपून घे, साल प्रोसिडिंगमधून लावता येतं.

तुझा,
काका