प्रथिन ‘वितळते’ की ‘उलगडते’?

प्रश्न असा आहे: जिवाणूच्या प्रथिनातला 56 अमिनो आम्लांचा एक छोटा डोमेन (स्वतंत्रपणे घडी घेणारा भाग) ‘87 अंश सेल्सिअसला वितळतो’ असे वाचले. प्रथिन वितळेल कसे? ‘विघटन होते’ म्हटले तर चालेल का?

‘विघटन’ नकोच. त्यातून साखळी तुटल्याचा अर्थ निघतो आणि इथे अमिनो आम्लांना जोडणारा एकही पेप्टाइड बंध तुटत नाही. हा डोमेन स्ट्रेप्टोकोकसच्या प्रोटीन-जीमधला बी-1. चार पट्ट्यांची बीटा-शीट (साखळीच्या शेजारी-शेजारी पट्ट्यांचा पत्रा) आणि तिच्यावर तिरके टेकलेले एक अल्फा-हेलिक्स (मळसूत्री वेटोळे), एवढाच त्याचा पसारा. तापवल्यावर ही घडी सुटते, साखळी शाबूत राहते. म्हणून ‘उलगडणे’. (‘घडी मोडणे’ही सुचेल, पण ते नव्या वस्त्राला राखीव!)

‘वितळणे’ ही प्रयोगशाळेतली बोली. ती बोलण्यात चालते, पण ‘वितळणबिंदू’ लिहिले की फसगत होते. बर्फासारखा इथे ठरलेला बिंदू नाही. उलगडणे बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात होते. 87 हे त्याचे मध्यतापमान: तिथे निम्मे रेणू घडीत, निम्मे उलगडलेले. अर्धवट उलगडलेले जवळजवळ नसतातच. शिवाय आकड्यासोबत पीएच द्यावाच लागतो, हा 5.4 च्या आसपासचा आहे.

खरा घोळ ‘स्थिर’ या शब्दात आहे. मध्यतापमान चढे म्हणजे प्रथिन फार स्थिर, असे नाही. 25 अंशांना बी-1 उलगडायला मोलमागे साधारण 6 किलोकॅलरी मुक्त ऊर्जा लागते, म्हणजे चारचौघांइतकीच. डोमेन लहान, आतला जलविरोधी गाभाही लहान. त्यामुळे उलगडताना उष्माधारकतेत (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेत) फरक थोडा पडतो, तापमानानुसार स्थिरतेचा आलेख पसरट राहतो आणि शून्यावर, म्हणजे मध्यतापमानाला, उशिरा येतो. तेव्हा ‘उष्णतेला टिकणारे’ आणि ‘स्थिर’ हे वेगळे लिहावेत.

‘उलगडणे’ लिहिण्याआधी एक तपासणी हवी. नमुना तापवून थंड करा. वर्तुळी द्विवर्णतेचा (प्रकाशाने घडी ओळखण्याच्या पद्धतीचा) वर्णपट मूळ वर्णपटावर बसला तरच घडी परत बसली. बी-1 मध्ये चुकीचे गंधकबंध जोडू शकणारे सिस्टीन नाही, घडी बसायला वेळ लावणारे प्रोलीनही नाही, त्यामुळे ती सहसा बसते. द्रावण गढूळ झाले तर रेणू एकमेकांना चिकटून गोळा झाले; त्याला ‘साकळणे’ म्हणा, आणि मग मिळालेले मध्यतापमान समतोलाचे नव्हे. ट्रिस बफरही (बफर म्हणजे पीएच राखणारे द्रावण) टाळा: दर अंशामागे त्याचा पीएच सुमारे 0.03 ने उतरतो, फॉस्फेटचा फारसा हलत नाही.