कान देऊन बघ

प्रिय मित्रा,

'अर्ध्यातच बंद केला, हसू आवरेना' असं त्या स्पॅनिश भयपटाबद्दल लिहिलंस. हसलास त्यात गैर काही नाही, मीही हसतो. दिग्दर्शक अमान्दो दे ओसोरिओच्या त्या 'ब्लाइंड डेड' मालिकेतलं १९७४ चं शापित जहाज खेळण्यातलं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. १९७२ च्या पहिल्या भागात टेम्पलर सरदारांचे, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या पंथातल्या सरदारांचे, डोळे कावळे टोचून खातात, तर पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात तेच डोळे गावकरी मशालींनी जाळतात. थडग्यातून उठणाऱ्या या मेलेल्या सरदारांकडे घोडे कुठून येतात, तेही विचारू नकोस.

पण पहिला भाग परत लाव, आणि या खेपेला कान देऊन बघ. ही मढी आंधळी आहेत, आवाजावर शिकार करतात. हा एकच नियम ठरला आणि दिग्दर्शकाला चित्रपट गप्प ठेवावा लागला. इतर भयपटांत बाई किंचाळते. इथे ती श्वास रोखून उभी राहते, किंचाळली की संपलंच. तरी छातीतली धडधड कशी रोखणार? ती ऐकू यायला लागते आणि त्या हाडकुळ्या आकृत्या सावकाश तिच्याकडे वळतात. मेकअप कितीही कच्चा असो, तिथे माझे हात अजून गार पडतात.

तीच गत घोड्यांची. स्लो मोशनमध्ये येतात, टापांचा आवाज आणि वर संगीतकार अंतोन गार्सिया आब्रिलचं ते पुटपुटल्यासारखं समूहगान. मागे पडका मठ, खराखुरा. तसे दगड सेटवर उभे करायला पैसे होते कुणाकडे?

तुझ्या शॉर्ट फिल्मच्या बजेटमध्ये निम्मे पैसे मेकअपला लावलेत, ते आधी खोड. जागा ठरव, रात्री तिथे तासभर नुसता बस, काय ऐकू येतं ते वहीत लिही. माझ्या पहिल्या फिल्ममधल्या भुताचा चेहरा घामाने हनुवटीपर्यंत ओघळला होता, लोक खो खो हसले. दचकले ते एकदाच, वाड्यातला रिकामा झोपाळा करकरला तेव्हा. तो आवाज मी मुद्दाम घेतलाही नव्हता, माइक चालू राहिला होता इतकंच.

आणि हो, स्पॅनिश आवृत्तीच बघ, अमेरिकेत दाखवलेलीला कात्री लागली होती. रविवारी येतोस ना? हेडफोन घेऊन ये, माझ्या एका कानाचा गेलाय.

तुझा,
सर